तबस्सुमची उडी

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत लग्नाचे मांडव पडायला लागतात. टेम्पो येतो, मागचा फाळका उघडतो आणि पोरं वरून बांबू खाली टाकतात. त्यातला एखादा जुना, आतून किडलेला बांबू आपटून फुटतो. तो आवाज आला की मी असेन तिथं थांबते. पोळी तव्यावर असली तर जळते. आमचे हे आता काही विचारत नाहीत. "मांडववाले आलेत," एवढंच म्हणतात आणि उठून खिडकी लावून घेतात.

पेरूच्या गाड्या चौकात लागलेल्या असतात. सकाळी मकबऱ्यामागचे डोंगर धुक्यात नसल्यासारखेच असतात. उन्हात बसलं तर पाठ तापते आणि पाय गार राहतात. सगळ्यांना आवडणारे हे दिवस. मला मात्र या दिवसांत तळहातांना घाम येतो. थंडीत तळहातांना घाम. एका डॉक्टरला दाखवलं होतं. तो म्हणाला, "काही टेन्शन आहे का?" मी नाही म्हणाले.

मी बांबूउडी मारायची. हा खेळ अजूनही लोकांना समजावून सांगावा लागतो. लांब पोल हातात घेऊन धावायचं, त्याचं टोक जमिनीत बसवलेल्या पेटीत रोवायचं. पोल वाकतो, आणि सरळ होता होता तुम्हाला वर उचलून आडव्या दांडीपलीकडं फेकतो. पलीकडं गाद्या असतात. बरीच वर्षं मी राज्यात पहिली होते, पुढं देशातही पहिली आले. त्या जोरावर नोकरी लागली, शहरात घर झालं. शाळांची स्नेहसंमेलनं सुरू झाली की अजून बोलावणी येतात. शाल देतात, नारळ देतात, सूत्रसंचालन करणाऱ्या बाई "आकाशाला गवसणी घालणाऱ्या" असं काहीतरी म्हणतात. मी मान खाली घालून हसते. मुलं टाळ्या वाजवतात आणि मी त्या आवाजातही दुसरंच काही ऐकत असते.

हा सगळा एका हिवाळ्याचा उपद्व्याप आहे.

तेव्हा मी कॉलेजात होते, मुलींच्या वसतिगृहात राहायचे. घर कन्नडच्या पुढं, घाटाच्या तोंडाशी. बाप मेंढरं राखायचा. उसाच्या दिवसांत शेतकरी आमची मेंढरं खतासाठी रानात बसवायला बोलवायचे, त्यामुळं हिवाळाभर आई-बाप कुठल्या शिवारात असतील ते मला बसमधून उतरल्यावर लोकांना विचारावं लागायचं. शाळेत असताना मी ओढा काठीवर उडी मारून ओलांडते हे एका मास्तरांनी पाहिलं आणि पाठक सरांना सांगितलं. पाठक सर शहरातले. आजोबांपर्यंत त्यांच्या घरात भिक्षुकी होती, वडील कचेरीत कारकून, आणि हे एकटेच मैदानाच्या नादाला लागलेले. शिट्टी गळ्यात, टोपी डोक्यावर, आणि आवाज कधी न चढणारा.

सरांकडं माझ्याआधीपासून तबस्सुम होती.

तबस्सुम शहागंजातली. वडिलांचं भांड्यांचं दुकान, वर घर. भर बाजारात, पातेल्यांच्या आवाजात वाढलेली मुलगी, त्यामुळं तिला हळू बोलताच यायचं नाही. पहिल्या दिवशी तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "वजन कित्ता है तेरा?" मी सांगितलं. ती ओरडली, "सर! मेरे इत्ताच है!" मला वाटलं ही चिडली. पण ती खूश झाली होती. कारण आमच्या खेळात पोल माणसाच्या वजनावर असतो. हलक्या माणसाला जड पोल वाकत नाही, जड माणसाला हलका पोल धोक्याचा. आणि सरांकडं मुलींच्या वजनाचा धड असा एकच पोल होता. पुण्याच्या एका जुन्या खेळाडूच्या मागं लागून आणलेला. दोघींचं वजन सारखं म्हणजे एका पोलवर दोघी. सराव करायला जोडीदारीण मिळाली म्हणून ती नाचत होती. स्पर्धेत मीच तिच्यासमोर उभी राहणार, हे तिच्या मनात तरी आलं नाही, किंवा आलं आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

त्या वर्षी रमजान थंडीत आला होता. रोज्यांनी ती हलकी व्हायला लागली. मला म्हणायची, "मंदा, तू भी रोजा रख. नहीं तो पोल नाराज होगा." मी खरंच मेसमध्ये भात सोडला. संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळी ती मैदानाच्या कडेला बसायची, खजूर काढायची, पहिला स्वतः खायची आणि दुसरा माझ्या तोंडात कोंबायची. दव पडायला लागलेलं असायचं. पोल आमच्या दोघींच्या मध्ये जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला असायचा.

ईद झाल्यावर ती एकदा माझ्याबरोबर हुरडा खायला गावाकडं आली. मेंढरं एका उसाच्या शेतालगत बसली होती. बापानं आगटी पेटवली, कणसं भाजली, आणि तळहातावर चोळून हुरडा तिच्यापुढं केला. बापाला कुतूहल होतं.

"लेकी, तू बी बांबूवर चढतीस व्हय?"

"हौ चाचा."

"भ्या नाय वाटत?"

"नीचे लगता है चाचा. ऊपर नहीं लगता."

बापानं आगटीतलं लाकूड आत सारलं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "ही लई येगळी हाय." त्यात कौतुक होतं की काळजी, मला कळलं नाही. परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तिच्या केसांना धुराचा वास येत होता.

त्यानंतर काही दिवसांनी तिनं मला सांगितलं. आम्ही गाद्यांवर उताण्या पडलो होतो. ती पेरू खात होती.

"रिश्ता पक्का हो गया मेरा. जालने का लड़का है. अच्छा है."

"आणि खेळ?"

"वो लोग बोले, ये उछलना-कूदना अब बस." तिनं पेरूचा देठ लांब फेकला. "मैंने एक कॉम्पिटिशन मांग ली. राज्यवाली. अपने शहर में है, अब्बा ना कैसे बोलते? बस वो एक. फिर खतम."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण ती हसत होती, आणि माणूस हसत असताना त्याचं सांत्वन कसं करायचं हे त्या वयात येत नाही. आताही येत नाही.

राज्य स्पर्धा आमच्याच मैदानावर होती. त्या सकाळी इतकं धुकं होतं की पलीकडच्या भिंतीवरचे झेंडे दिसत नव्हते. ऊन वर आल्यावर गर्दी जमली. माझा बाप पहिल्यांदाच मला उडताना पाहायला आला होता, घोंगडं खांद्यावर टाकून, अगदी पुढं उभा. तबस्सुमच्या घरचं कोणी नव्हतं.

आमच्या खेळात एक सवलत असते. एखादी उंची नको असेल तर ती सोडता येते. दमणूक वाचते, आणि थेट पुढच्या उंचीला उडी मारता येते. पहिल्या उंच्या आम्ही दोघींनी आरामात काढल्या. एकीची उडी झाली की दुसरी पोल उचलून घ्यायची. बाकीच्या मुली एकेक करत बाद होत गेल्या. मग दांडी आणखी वर चढवली, तेव्हा सर जवळ आले. "दोघीही ही उंची सोडा. पुढच्या उंचीला एकदमच या," ते म्हणाले. मी मान हलवली आणि पंचांना सांगून आले.

तबस्सुम म्हणाली, "नहीं सर. मैं मारूंगी."

"तबस्सुम, ऐक माझं."

"सर, मेरे पास गिनती की उडियां बची हैं. सोडूं कैसी?"

मराठी-हिंदी असं एकत्र करून तिनं ते म्हटलं आणि आम्ही तिघंही हसलो. सरसुद्धा. सरांचं ते हसू मला अजून दिसतं. ते सर्वांत आधी थांबलं होतं, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं.

ती धावली. मी धावपट्टीच्या डाव्या बाजूला उभी होते, तिच्या पावलांचा आवाज माझ्या जवळून गेला. पोल पेटीत बसला. वाकला. ती वर निघाली. मी टाळी वाजवायला हात उचलले होते.

आणि आवाज झाला.

तो आवाज मला शब्दांत सांगता येत नाही, म्हणून मी कधी कोणाला सांगितलेला नाही. पोलचे तुकडे दोन बाजूंना उडाले. ती गाद्यांवर पडली नाही. अलीकडं पडली, पेटीच्या लोखंडी कडेवर, पाठीवर. धूळसुद्धा फार उडाली नाही. मी पोचले तेव्हा तिचे डोळे उघडे होते आणि ती वर बघत होती. ती रडत नव्हती. "पाय," ती म्हणाली. "मंदा, मेरे पाय किधर हैं?"

रुग्णवाहिका आली. मी आत चढायला लागले तेव्हा सरांनी माझा दंड धरला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मी जातो तिच्याबरोबर. तू थांब. तू उडी मार." दार लागलं. मैदानात एवढी माणसं होती आणि काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मग लाऊडस्पीकरवरून माझं नाव घेतलं. कोल्हापूरकडच्या एका बाद झालेल्या मुलीनं न बोलता स्वतःचा पोल माझ्या हातात दिला. बाप दोरीपलीकडून म्हणत होता, "मंदे, चल घरला. बास झालं." मी त्याच्याकडं पाहिलं आणि धावले.

मी पुढची उंची काढली. राज्यात पहिली आले. उतरल्यावर गाद्यांवर पडून होते, तेव्हा कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि लगेच थांबवल्या.

तबस्सुमचा कणा दुखावला होता. वर्षभर ती अंथरुणाला खिळून होती. जालन्याचं स्थळ कधी मोडलं ते कोणी बोललं नाही, ते आपोआप मोडलं. मग ती कुबड्यांवर आली, मग एका काठीवर. बी.एड. केलं, उर्दू शाळेत लागली. आजही शहागंजातल्या त्याच घरात राहते, खाली आता भाऊ दुकान बघतो. ईदला मी जाते, दिवाळीला ती फराळ मागवून घेते, माझ्या मुलाच्या लग्नात ती आली आणि तिनं नानखलियाचं जेवण करणाऱ्या आचाऱ्यांशी माझ्या वतीनं भांडणसुद्धा केलं. आमची दोस्ती तुटली नाही. फक्त त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. दोघींच्या मध्ये एक जागा मोकळी सोडल्यासारखी ती गोष्ट राहिली, आणि आम्ही दोघी तिला वळसा घालून बोलायला शिकलो.

आणि मी उडत राहिले. सर मला घेऊन गावोगाव गेले. रेल्वेच्या खिडकीच्या गजांना बाहेरून पोल बांधायचा आणि रात्रभर दर स्टेशनवर उतरून गाठी तपासायच्या, असे कितीतरी प्रवास. लोक म्हणायचे, मंदा फार शांत खेळाडू आहे, धावण्याआधी पोलवरून हात फिरवून नमस्कार करते. तो नमस्कार नव्हता. मी पोल चाचपत होते. आणि धावायला लागले की डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागं, दुसरी पावलं वाजायची. पहिल्यांदा वाटलं, सरावानं थकवा आलाय. मग ती प्रत्येक मैदानावर वाजू लागली. मातीच्या पट्टीवर मातीसारखी, रबराच्या पट्टीवर रबरासारखी. मी कधी डावीकडं पाहिलं नाही. पोल रोवला की ती थांबायची, आणि मी वर एकटी जायचे, कान देऊन. वर असेपर्यंत मी फक्त ऐकत असायचे. गाद्यांवर पडल्यावर श्वास सुटायचा.

तिची पाळी आणि माझी पाळी. ती उंची मी सोडली नसती तर? पोल कोणाच्या हातात होता हा एवढाच फरक. हा हिशेब मी पदकं गळ्यात घालून घेताना केला आहे, नोकरीच्या टेबलावर केला आहे, बाळंतपणात केला आहे. तो कधी सुटला नाही.

या हिवाळ्यात सरांचा फोन आला. वय झालंय, घराबाहेर पडत नाहीत. "सवड काढून ये, एकटी ये," म्हणाले. मी दुपारी गेले. सिडकोतल्या त्यांच्या गॅलरीत ऊन आलं होतं. सर शाल गुंडाळून खुर्चीत बसले होते. काकूंनी तिळाची वडी ठेवली आणि त्या आत गेल्या.

सर म्हणाले, "मंदा, त्या दिवशी सकाळी गोदामातून पोल काढताना मला त्याच्यावर एक चरा दिसला होता."

हातात घेतलेली वडी मी परत ताटलीत ठेवली.

"दाराच्या पट्टीला घासला असेल. वाटलं, वरचा रंगच गेलाय. वाटलं म्हणजे, वाटून घेतलं. दुसरा पोल होता कुठं? तुम्हाला सांगितलं असतं तर दोघींचाही धीर गेला असता. म्हणून म्हटलं, जितक्या कमी उड्या होतील तितकं बरं. सोडा म्हणालो. का सोडा ते नाही सांगितलं." त्यांनी शाल आणखी ओढून घेतली. "ती नाही म्हणाली तेव्हाच मी पंचांना थांबवायला हवं होतं. मी हसलो गं. मी हसत उभा राहिलो."

"सर..."

"मला तिला सांगायचंय. पण तिच्यासमोर जायची माझी हिंमत नाही. तू सांग. किंवा नको सांगूस. तूच ठरव."

रिक्षात बसले तेव्हा मला सरांचा राग आला असावा असं वाटतं, कारण रिक्षावाल्यावर मी उगीच खेकसले. मग राग गेला आणि भीती राहिली. हे सांगून मी तिच्याकडून काय काढून घेणार होते? एवढी वर्षं ती हे नशीब समजून जगली होती. आता त्याला एका माणसाचं नाव लागणार होतं, आणि तेही तिच्या लाडक्या माणसाचं. रिक्षा घराकडं न वळवता मी शहागंजला घ्यायला सांगितली. बाजारात संध्याकाळची गर्दी होती. पातेल्यांच्या उतरंडीमधून वाट काढत मी जिना चढले.

तबस्सुम नुकतीच शाळेतून आली होती. काठी कोपऱ्यात, पाय पाटावर. मला बघून म्हणाली, "चेहरा कैसा कर ली? कोई मरा क्या?"

मी सांगितलं. सरांनी जसं सांगितलं तसंच, मध्ये काही न घालता. ती ऐकत राहिली. संपल्यावर तिनं खाली भावाला हाक मारून दोन चहा सांगितले. मग माझ्याकडं वळली.

"मेरेकू मालूम था."

"काय मालूम होतं?"

"वो चरा. सुबह उंगली फेरी थी ना मैंने. नाखून अटका. रंग नहीं था वो, गहरा था."

"आणि तरी तू...?"

"बोलती तो क्या होता? सर पोल उठा के रख देते. तेरेकू अगली बार दूसरा मिलता. मेरी अगली बार थीच नहीं, मंदा." ती अगदी सहज बोलत होती, शाळेतल्या मुलींना समजावतात तसं. "वैसे मरने का इरादा नहीं था मेरा, हां. सोची, एक-दो उडी तो देगा. एक बार मेरेकू ऊपर जाना था. पूरा."

"पण तुझ्यानंतर तोच पोल मी घेणार होते."

"तेरेकू देतीच नहीं. बता देती. मेरा हो जाता, फिर बता देती." मग ती थांबली. "शायद. अब कैसे बोलूं? इत्ते साल सोचती बैठी हूं."

चहा आला. पोऱ्या ठेवून गेला. दोघींनी हात लावला नाही. इतकी वर्षं माझ्या डावीकडं धावणारी ती बिचारी नव्हती, दुर्दैवी नव्हती, माझ्या जागी पडलेली तर नव्हतीच. ती स्वतःच्या मर्जीनं धावत होती. हे कळून मला हलकं वाटायला हवं होतं. पण अंगावर काटा आला.

"कल सर के पास चलते," ती म्हणाली. "बुढ्ढे को बोलेंगे, चैन से सो. मैं ही बोलूंगी." मग तिनं माझ्याकडं जरा रागानं पाहिलं. "एक बात बता. तुम लोग सब मेरेकू गिरने का पूछे. डॉक्टर, अब्बा, पेपरवाले. दर्द कित्ता हुआ, आवाज कैसा आया. तू तो कुछ पूछीच नहीं. उडी कैसी थी, ये आज तक किसी ने नहीं पूछा. टूटा तो बाद में. उससे पहले मैं उठ गई थी. पाय आसमान में थे मेरे. तूने देखा नहीं?"

मी पाहिलं होतं. पण त्या आवाजानं आधीचं सगळं पुसून टाकलं होतं.

"कशी होती गं?" मी विचारलं.

ती सावरून बसली. डोळे मिटले नाहीत, उलट समोरच्या भिंतीकडं नीट पाहिलं, जणू दांडी तिथं लागली होती. तिनं सांगायला सुरुवात केली. धुकं कुठपर्यंत विरलं होतं, पट्टीची माती पायाखाली किती घट्ट होती, कितव्या पावलाला तिला कळलं की ही उडी जमणार. पोल वाकला तेव्हा हातांत कसा जिवंत झाला. पाय वर गेले, डोकं खाली आलं, आणि झेंडे, माणसं, माझ्या बापाचं घोंगडं, सगळं उलटं झालं आणि कुठलाच आवाज राहिला नाही. तिचा हात सांगता सांगता वर वर गेला आणि तिथंच राहिला. "दांडी नीचे थी," ती म्हणाली. "मेरे नीचे थी मंदा. बस, इत्तीच."

मी इतकी वर्षं उडले. माझ्या कपाटात पदकांची खोकी आहेत. त्यातल्या एकाही उडीबद्दल मला एवढं सांगता आलं नसतं. मी प्रत्येक वेळी पोलवर कान ठेवून वर गेले आणि जिवंत खाली आले, एवढंच मला माहीत आहे.

खाली दुकानात कोणीतरी पातेली वाजवून बघत होतं. खोलीत अंधार होत होता. तिचा हात अजून वरच होता.

"पुन्हा सांग," मी म्हणाले.

ती पुन्हा धावायला लागली.